बोट न लावता

मुलीच्या बाळंतपणासाठी डिसेंबर २०२३मध्ये मी लंडनला गेले, तेव्हा बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि जुन्या सुती लुगड्यांची शिवलेली दुपटी होती. सगळ्यांच्या खाली, स्वेटरमध्ये गुंडाळलेला सॉफ्ट पेस्टलचा एक डबा. तो उघडायला वेळ मिळेल असं मला वाटत नव्हतं, पण घरी ठेवून जायला मन होईना. पहिल्याच आठवड्यात जावई म्हणाले, "आई, शुक्रवारी मी घरूनच काम करतो. नॅशनल गॅलरी शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडी असते आणि तिकीटही नसतं. तुम्ही जाऊन या." मी ते मनावर घेतलं. बाळ जानेवारीत आलं, त्यानंतरचे तीन आठवडे सोडले तर मार्च उजाडेपर्यंत जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी संध्याकाळी मी ट्रॅफल्गर चौकात होते.

पेस्टल म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना शाळेतले ऑइल पेस्टल आठवतात. मेणासारखे, तेलकट, वर रंगीत कागद गुंडाळलेले. सॉफ्ट पेस्टल वेगळे. त्यात रंगाची शुद्ध भुकटी असते, थोडा पांढऱ्या खडूचा भराव असतो आणि कांडी हातात धरता यावी इतकाच डिंक. तेल नाही, त्यामुळे वर्षांमागून वर्षं गेली तरी रंग पिवळा पडत नाही, तडकत नाही. पण कागदाला तो चिकटतही नाही, कागदाच्या खरबरीत अंगात अडकून बसतो, एवढंच. बाही घासली की गेला. कोल्हापुरात मी दोन वर्षं एका वर्गात हे खडू शिकले होते. तिथे शिकवलेली पद्धत अशी की रंग लावायचा आणि लगेच बोटाने घोटायचा. एक रेघ दिसता कामा नये. मी मन लावून घोटत आले. आकाश घोटलं, गाल घोटले, आंबे घोटले. चित्रं गुळगुळीत व्हायची आणि त्यांच्यातला जीव निघून जायचा. चेहरे मेणाचे वाटायचे. रंग डब्यात असताना जेवढे तेजस्वी, तेवढे कागदावर कधीच दिसायचे नाहीत. चूक कुठे होते आहे ते मला कळत नव्हतं, आणि वर्गात विचारलं की "अजून घोटा" हेच उत्तर मिळायचं.

त्या हिवाळ्यात नॅशनल गॅलरीत एक छोटं प्रदर्शन होतं. झाँ-एतिएन लिओतार या जिनीव्हाच्या चित्रकाराचं 'लाव्हेर्न कुटुंबाची न्याहारी' हे १७५४ सालचं पेस्टल, आणि त्याच्या शेजारी त्यानेच जवळजवळ वीस वर्षांनी, १७७३मध्ये, त्याच चित्राची तैलरंगात केलेली हुबेहूब आवृत्ती. अडीचशे वर्षांत ही दोन चित्रं पहिल्यांदाच एका ठिकाणी आली होती. मला यातलं काही माहीत नव्हतं. पेस्टल हा शब्द वाचून मी आत शिरले.

चित्रात काय आहे ते आधी सांगते. एक बाई आणि एक लहान मुलगी न्याहारीच्या टेबलाशी आहेत. मुलीच्या केसांना अजून कागदाच्या गुंडाळ्या बांधलेल्या. म्हणजे सकाळ आहे, अजून कुठे जायचं नाही. मुलगी दुधाच्या कॉफीत बिस्कीट बुडवते आहे आणि बाईचं सगळं लक्ष तिच्याकडे. टेबलावर चिनी मातीची भांडी, चकाकणारी कॉफीची किटली, लाखेच्या लकाकीचा ट्रे. टेबलाचा खण अर्धवट उघडा आहे, त्यात संगीताच्या नोटेशनचा कागद, आणि त्या कागदावर चित्रकाराची सही. सगळं चित्र एका दारापेक्षा लहान, साधारण ऐंशी सेंटिमीटर उंच आणि एकशे सहा रुंद. सकाळीच घरी मी मुलीला अळिवाची खीर भरवून आले होते. त्या बाईच्या नजरेपाशी मी बराच वेळ थांबले.

मग माझ्या लक्षात आलं की मी जे बघते आहे ती भुकटी आहे. पावणेतीनशे वर्षांपूर्वीची, कागदाला नुसती धरून राहिलेली. आणि ती किटली चकाकत होती! शेजारच्या तैलचित्रातली किटलीही चकाकत होती, पण तैलरंगाला मुळातच चकाकी असते. वार्निश असतं. कोरड्या, मातीसारख्या अंगाच्या खडूंनी धातूची चकाकी आणायची म्हणजे तिथे दुसरं काही साधन नाही, फक्त गडदाशेजारी फिकट नेमक्या जागी ठेवणं. दोन चित्रांच्या मध्ये उभं राहून मी मान इकडून तिकडे वळवत होते. तैलचित्रातली सावली खोल गेलेली वाटत होती. पेस्टलमध्ये मात्र उजेड कागदाच्या पृष्ठभागावरच बसलेला, जणू आता कुणीतरी दिवा लावून गेलंय. मला पेस्टल जास्त आवडलं. मी त्याच बाजूची माणूस आहे, हे कबूल करते.

पहिल्या दिवशी मी नुसतीच हरखून परत आले. डोक्यात राहिलं काय, तर "किती सुंदर". त्या शब्दाने पुढे काही शिकता येत नाही, हे मला दुसऱ्या शुक्रवारी कळलं. मी वही-पेन्सिल घेऊन गेले आणि ठरवलं की पूर्ण चित्र बघायचंच नाही. एक कप बघायचा. एका पोस्टकार्डाच्या मध्यभागी बोटाएवढी खिडकी कापून नेली होती. ती डोळ्यासमोर धरली की बाकीचं चित्र झाकलं जायचं आणि कपाचा तुकडा उरायचा. मग एकच प्रश्न विचारायचा: हा रंग कोणता?

कप पांढरा आहे, हे मेंदू सांगतो. खिडकीतून बघितलं तर तो पांढरा नव्हताच. मी वहीत लिहीत गेले. इंग्रजी रंगांची नावं मला पटकन सुचत नाहीत, म्हणून लुगड्यांच्या दुकानातली नावं लिहिली: पारवा, मोतिया, राखाडी, कडेला किंचित अबोली, बुडाशी सुपारीचा रंग. पारवा तर तीन प्रकारचा होता. कोरा पांढरा फक्त दोन ठिकाणी, मोहरीच्या दाण्याएवढा. त्या दोन दाण्यांनी अख्खा कप मातीचा, गुळगुळीत आणि ओला केला होता. माझ्या स्वतःच्या चित्रांत मी पांढरी वस्तू आली की आधी पांढरा खडू उचलायची. आता वाटतं, तिथेच चित्र संपत होतं. त्याहून उजळ काही उरतच नव्हतं.

त्या एका कपाशी माझे तीन शुक्रवार गेले. तिथला पहारेकरी ओळखीचा झाला. मी काचेच्या फार जवळ गेले की तो हळूच हात पुढे करायचा, मी एक पाऊल मागे यायची. पेस्टलच्या चित्रांवर उजेड मुद्दाम मंद ठेवतात, साधारण पन्नास लक्स, म्हणजे घरातल्या झिरोच्या बल्बपेक्षा बरा इतकाच वाटतो. सुरुवातीला सगळं अंधुक दिसतं. पाच-सात मिनिटं काही न करता बसलं की डोळे सरावतात आणि मग सावल्यांच्या आतले रंग दिसायला लागतात. ही पाच-सात मिनिटं बसणं मी पुढेही सोडलं नाही.

आता नकलेबद्दल.

मुलीच्या घरामागे बागेत एक लाकडी खोपट आहे, कुदळ-फावडं ठेवायचं. घरात तान्हं बाळ, आणि पेस्टलची धूळ श्वासात जाऊ द्यायची नसते. काही रंगद्रव्यं तर विषारी असतात. म्हणून मी घरात एकही खडू उघडला नाही. बाळ झोपलं की दोन स्वेटर घालून त्या खोपटात जायची, काम झालं की हात-तोंड धुऊन, कपडे बदलूनच बाळाला घ्यायची. तिथेच एक वाईट सवय सुटली: मी साचलेली भुकटी फुंकर मारून उडवत असे. आता फळी उभी धरून मागून टिचकी मारते, भुकटी खाली ओल्या फडक्यावर पडते.

कागद घेतला राखी रंगाचा, कॅन्सन कंपनीचा 'मी-तांत' नावाचा. त्याची एक बाजू मधाच्या पोळ्यासारख्या जाळीची असते आणि दुसरी थोडी मऊ. माझ्याजवळचे खडू अपुरे पडले, तेव्हा ब्रिटिश म्युझियमजवळच्या ग्रेट रसेल स्ट्रीटवर कॉर्नेलिसनच्या दुकानात गेले. १८५५पासूनचं दुकान आहे. भिंतभर काचेच्या बरण्यांत रंगांच्या भुकट्या. आमच्या महाद्वार रोडवरच्या कुंकवाच्या दुकानाची फार आठवण झाली. तिथे खडू सुटे मिळतात. पूर्ण डबा परवडणारा नव्हता. वहीतली नावं वाचून मी नऊ खडू निवडले, त्यांतले पाच करडे होते. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पोर्ट्रेट करताय?" मी म्हटलं, "नाही, एक कप."

पहिली नकल बिघडली. कप झाला, पण पिठाच्या गोळ्यासारखा. सवयीने बोट फिरलंच होतं. दुसऱ्या वेळी कडा काढता येईनात. नव्या खडूचं टोक बोथट असतं. चार पौंडांचा अखंड खडू मोडायला हात धजत नव्हता. शेवटी मोडला, आणि मोडलेल्या कडेची धार मिळाली तेव्हा कळलं की पेस्टलमध्ये रेखीव काम याच धारेवर चालतं. तिसरी नकल करताना मी क्रम बदलला. आधी सगळ्यांत गडद जागा, मग मधले पारवे, मग मोतिया, आणि पांढरा खडू सगळ्यात शेवटी, दोनदाच, टेकवून उचललेला. तो दुसरा ठिपका ठेवला आणि कप कागदावरून उठून उभा राहिला. खोपटात एकटीच होते, तरी तोंडातून "अगं बाई!" निघून गेलं.

नकल करायला लागल्यावर चित्र वेगळंच दिसायला लागलं. आधी मी जाऊन उत्तरं बघत होते. आता घरचे प्रश्न घेऊन जायला लागले. कपाची कड बशीला टेकते तिथे रेघ आहे की नाही? (नाही. दोन करडे एकमेकांना भिडतात, रेघ आपले डोळे ओढतात.) मुलीच्या गालाची कड मागच्या अंधारात कुठे विरते आणि कुठे ठसठशीत राहते? लिओतारला चित्रात हाताचे फटकारे दिसलेले मुळीच आवडत नसत. वयाच्या एकोणऐंशीच्या आसपास, १७८१मध्ये, त्याने चित्रकलेच्या नियमांवर एक पुस्तकच लिहिलं आणि त्यात या दिसणाऱ्या फटकाऱ्यांविरुद्ध आपलं म्हणणं मांडलं. हे वाचून मला क्षणभर वाटलं, म्हणजे आमच्या वर्गातलं घोटणंच बरोबर की काय? पण नकल करताना जे हाताला कळलं ते असं: त्याचा गुळगुळीतपणा शेजारच्या छटा अचूक निवडण्यातून येतो. एका पारव्याच्या शेजारी त्याहून केसभर फिकट पारवा ठेवला की घोटायला काही उरत नाही. मी बोटाने घोटून जे मिळवू बघत होते ते त्याने खडू निवडतानाच मिळवलेलं होतं.

१ मार्चचा शुक्रवार हा त्या प्रदर्शनातला माझा शेवटचा. दोन दिवसांनी ते संपणार होतं. त्या दिवशी वही काढली नाही.

नंतर मी एडगर देगा या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराकडे वळले. खरं तर भीत भीतच. लिओतार मला कळेल असा होता. देगाची पेस्टलं पुस्तकांत पाहून मला नेहमी वाटायचं की हा माणूस कागदावर नुसता ओरखडे काढतो. नॅशनल गॅलरीच्या संग्रहातलं त्याचं १८९०-९५ या काळातलं एक मोठं पेस्टल आहे, अंघोळीनंतर अंग पुसणाऱ्या स्त्रीचं. जवळजवळ मीटरभर उंच, तेवढंच रुंद. ती पाठमोरी आहे, एका हाताने मान पुसते आहे आणि पाठीचा कणा खोल पन्हळीसारखा दिसतो. गॅलरीच्या संकेतस्थळावर ते चित्र पाहिजे तेवढं मोठं करता येतं. रात्री बाळाला मांडीवर थोपटत मी टॅबवर त्या पाठीचा इंच इंच बघत होते. जवळून सगळ्या रेघाच. गुलाबीवर नारिंगी, मधूनच थंड निळसर-हिरवट, एकीवर दुसरी तिरकी, खालची रेघ वरच्या रेघांच्या फटींतून डोकावणारी. कागदसुद्धा एक नाही. काम वाढत गेलं तसे तुकडे जोडत गेलेला. टॅब हातभर लांब धरला की त्याच रेघांची ऊबदार, जिवंत कातडी व्हायची.

त्या रात्री मला आत्याची रांगोळी आठवली.

माझी आत्या दिवाळीत दारात चेहऱ्यांच्या रांगोळ्या काढायची. शिवाजी महाराज, शाहू महाराज, एकदा आजोबा. गालाचा रंग करायला ती कधीच रंग कालवत नसे. विटकरी भुकटी चिमटीतून भुरभुरवायची, तिच्यावर पिवळी, तिच्यावर अगदी विरळ पांढरी, आणि सावलीच्या बाजूला, मला तेव्हा फार विचित्र वाटायचं, हिरवी. मी एकदा बोटाने ते सारखं करायला गेले तर तिने माझा हात धरला. "हात लावू नको. बोट लागलं की चिखल होतो." मी आठ-नऊ वर्षांची असेन. रांगोळी आणि पेस्टल दोन्ही कोरडी भुकटी. एक कण दुसऱ्या कणाशेजारी पडतो तोवर दोन्ही आपापल्या रंगाने उजळतात. बोटाने चोळले की तिसराच, मळकट रंग होतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी दारात उकिडवं बसून जे शिकायला मिळत होतं ते मी देगाच्या एका पाठीवर परत वाचत होते. मांडीवर बाळ होतं म्हणून उठता येत नव्हतं, नाहीतर तेव्हाच खोपटात गेले असते.

पुढचे दोन महिने फक्त रेघा. हाताच्या तळव्याएवढे चौकोन, एका चित्राचा एकच तुकडा, बोटाला पूर्ण बंदी. बोटं आपोआप पुढे येतात म्हणून डाव्या हातात मुद्दाम फडकं धरून बसायची. अडचण अशी की तीन-चार थर झाले की कागद भरतो, नवा रंग धरत नाही, घसरतो. देगा थरांच्या मधे चिकटवण फवारायचा; ती त्याला लुइजी कियालिव्हा या इटालियन मित्राकडून मिळाली होती. दुकानातलं फिक्सेटिव्ह आणून मीही फवारून पाहिलं. खालचे थर पक्के झाले, वर पुन्हा खडू धरायला लागला, पण उजळ रंग एक पायरी खाली उतरले आणि कपावरचे ते दोन पांढरे ठिपके तर जवळजवळ विरघळलेच. तेव्हापासून मधल्या थरांवर फवारते, शेवटच्या थरावर कधीच नाही. रंग खूप झाले की फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघायचा, हेही तेव्हाच अंगवळणी पडलं. रंग वेगळे असले तरी उजेड-अंधार सारखाच झालेला असतो, आणि चित्र का सपाट दिसतंय ते लगेच सापडतं.

हे करताना मेरी कॅसाटबद्दल वाचलं. अमेरिकेतून पॅरिसला आलेली चित्रकार. १८७५च्या सुमारास बुलेव्हार ओस्मानवरच्या एका दुकानाच्या काचेत तिने देगाची पेस्टलं पाहिली, आणि ती पुन्हा पुन्हा जाऊन त्या काचेला नाक दाबून उभी राहायची. म्हातारपणी तिने एका पत्रात ते लिहिलं आहे, की त्याने तिचं आयुष्य बदललं. दोन वर्षांनी खुद्द देगाने तिला आपल्या गटात चित्रं मांडायला बोलावलं. तिची माय-लेकरांची पेस्टलं बघताना देगाच्या रेघा ओळखू येतात, पण बायका-मुलं तिची आहेत. ती नजर देगाची नाही. आणि देगा तरी? विशी ओलांडण्याआधीच, १८५३मध्ये, त्याने पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात नकला करण्यासाठी नाव नोंदवलं होतं. आजही तिथे नकला करू देतात, मात्र मूळ चित्राच्या मापाची नकल करायला बंदी आहे. मला हा नियम फार आवडला. माझ्या प्रत्येक तुकड्याच्या मागे मी 'लिओतारच्या चित्रावरून', 'देगाच्या चित्रावरून' असं तारखेसकट लिहून ठेवलंय. हयात चित्रकारांच्या कामातूनही मी शिकते, पण ते वहीपुरतंच. त्यांची नकल भिंतीवर लावणं मला योग्य वाटत नाही.

मे संपता संपता मुलगी म्हणाली, "आई, आता परत जायच्या आधी तुला देगा खरा दाखवायचा." शेवटच्या सोमवारी सुट्टी होती. ग्लासगोच्या बरेल संग्रहात देगाचं प्रदर्शन नुकतंच उघडलं होतं. विल्यम बरेल हा जहाजांचा व्यापारी. आयुष्यभर जमवलेला संग्रह त्याने १९४४मध्ये शहराला देऊन टाकला. त्यात देगाची वीसाहून जास्त कामं आहेत. साडेचार तास आगगाडी, मांडीवर पाच महिन्यांचं बाळ, पुढे पोलॉक बाग, तिथे केसाळ डोंगरी गाई चरत होत्या. बाळाला जावयांकडे देऊन मी आत गेले.

तिथे मला भेटलं 'पावसातले जॉकी'. १८८०च्या दशकातलं काम, पुस्तकाच्या दोन उघड्या पानांहून थोडं मोठं. पेस्टल, तेही ट्रेसिंग पेपरवर, ज्याच्यावर खडू नीट टिकतसुद्धा नाही. घोडे आणि स्वार एका बाजूला तिरप्या रांगेत, आणि पुढे गवताचा मोठा हिरवा तुकडा अगदी मोकळा. या सगळ्यावरून पाऊस. पाऊस म्हणजे काय, तर निळ्या तिरप्या रेघा. शर्यतीच्या कपड्यांवरून, घोड्यांच्या पाठीवरून, गवतावरून, सगळं चित्र पूर्ण झाल्यावर सरसर ओढलेल्या. एकाही रेघेला बोट लागलेलं नाही. लागलं असतं तर पावसाचं धुकं झालं असतं.

मी कोल्हापूरची. पाऊस मी जन्मभर पाहिला आणि तीन वेळा पेस्टलमध्ये काढला, तिन्ही वेळा धुकं केलं. त्या काचेसमोर मला माझी तिन्ही चित्रं एकामागून एक दिसली आणि प्रत्येकात काय करायला हवं होतं तेही दिसलं. रेघा मोजायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग त्यांचा वेग बघितला. जिथे खडू टेकला तिथे रेघ जाड, जिथे उचलला तिथे विरळ. सगळ्या एकाच कलाने, पण एकीचंही अंतर दुसरीसारखं नाही. कुठे दोन जवळजवळ, मग बोटभर काहीच नाही. मोकळ्या गवतावर त्या जास्त जाणवतात. स्वारांच्या अंगावर रंगांत हरवतात. म्हणून ती हिरवी जागा एवढी मोकळी सोडली असणार, पावसाला दिसायला जागा. मुलगी दोनदा बोलवायला आली. तिसऱ्यांदा ती बाळाला घेऊन आली आणि आम्ही तिघी थोडा वेळ तिथेच थांबलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परतले. सव्वीस तुकडे होते. प्रत्येकावर बटर पेपर, तो चारही बाजूंनी पुठ्ठ्याला चिकटवलेला, सगळे मिळून दोन जाड पुठ्ठ्यांत दाबून हातातल्या बॅगेत. एकही बिघडला नाही. पुढे त्यांतले दोन फ्रेम केले. फ्रेमवाल्याला बजावून सांगावं लागलं की काच चित्राला टेकता कामा नये, मधे माउंटची जाडी हवी. नाहीतर भुकटी काचेवर जाते.

महिनाअखेरीस पाऊस लागला. आमचं घर रंकाळ्याच्या पूर्वेला आहे, गच्चीवरच्या खोलीतून पाणी दिसतं. चित्र काढायला बसले ते लांबचा काठ, पाणी, अलीकडे ओला रस्ता, छत्री धरून चाललेला एक माणूस. पुढचा रस्ता मुद्दाम रिकामा ठेवला. रस्त्यात शेवाळी, वर पारवा, फटींतून खालचा विटकरी दिसू दिला. डाव्या हातात फडकं. दोन दिवस काम चाललं, मधे एकदा फिक्सेटिव्ह, मग शेवटचे उजेड: छत्रीच्या काडीवर एक, पाण्यावर चार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निळा खडू मोडून धार काढली आणि पाऊस ओढायला घेतला.

दहा-बारा रेघा झाल्या आणि थांबले. छान सरळ, वेगात आलेल्या, बोट न लागलेल्या. पण काहीतरी खुपत होतं. मागे सरकून डोळे किलकिले केले, मग खिडकीतून बाहेर बघितलं. मी ग्लासगोत पाहिलेल्या कलाने रेघा ओढत होते. बाहेरचा पाऊस त्याच्या उलट कलत होता.

हे दारात चहा घेऊन उभे होते. म्हणाले, "चांगला दिसतोय की."

"वारा पश्चिमेकडून आहे," मी म्हटलं.

कडक ब्रशने त्या दहा-बारा रेघा हलकेच झटकल्या, फळी उभी धरून मागून टिचकी मारली. खालचे थर पक्के होते, हलले नाहीत. मग खडू पुन्हा उचलला आणि पहिली रेघ ओढली, तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याच्या बाजूने.